कोविडची लस कोणी विकत घ्यायची: १ मे २०२१ चं धोरण बरोबर की २१ जून २०२१ चं?

१ मेला १८ ते ४४ वाल्यांसाठी लसीकरण उघडलं तेव्हा निम्मी लस केंद्राची आणि उरलेली राज्यांनी नि प्रायव्हेट हॉस्पिटल्सनी थेट कंपन्यांकडून घ्यायची असं ठरलं, म्हणजे तीच कोविशिल्ड केंद्राला १५० ला, राज्यांना ३०० ला, प्रायव्हेटला ६०० ला. आता खरेदीचे अधिकार द्या अशी मागणी काही राज्यांनीच केली होती हेही खरं, पण माल होता कुठे? मुंबई महापालिकेने १ कोटी डोसचं ग्लोबल टेंडर काढलं, हाती काही लागलं नाही. महाराष्ट्राला तर मेच्या मध्यालाच १८-४४ चं लसीकरण थांबवावं लागलं, कारण ४५ च्या वरच्यांचे कोव्हॅक्सिनचे दुसरे डोस अडकले होते. त्यात नोंदणीच्या कोविन पोर्टलवर स्लॉट उघडला की लगेच फुल, शहरातली पोरं गाड्या काढून खेड्यातल्या सेंटरवर जायची आणि तिथल्याच म्हाताऱ्या बाईकडे ना स्मार्टफोन ना ओटीपी, ती रिकाम्या हाताने घरी. हे मला आजही खूप लागतं.

२१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के लस घेऊन राज्यांना फुकट द्यायला सुरुवात केली, सरकारी सेंटरवर जागेवर नोंदणीही होती. तोवर उत्पादनही वाढलं होतं, सगळं श्रेय धोरणाला देता येणार नाही. प्रायव्हेटचा २५ टक्के कोटा मात्र तसाच ठेवला, आणि तो पुरता वापरलाही गेला नाही, तेवढे डोस सरकारी सेंटरला मिळायला हवे होते. तरी मला २१ जूनचंच धोरण बरोबर वाटतं, साथीत एकाच देशातली राज्यं एकमेकांशी बोली लावत बसणं चुकीचंच होतं.