सात महिने कंट्रोलरबाईंचं ऐकलं, आता पुरे

संगणकावर सिम्युलेटरमध्ये विमान उडवतो, आणि कधी वळायचं, कधी उतरायचं ते एका अ‍ॅड-ऑनमधल्या संगणकी कंट्रोलरबाई सांगतात. परवा पुन्हा तेच झालं, उतरायला सांगायला उशीर, म्हणून लिहायला बसलो. जळगावहून मुंबई, सरळ रेषेत जेमतेम १९० नॉटिकल मैल. एटीआर-७२ हे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान घेऊन १८,००० फुटांवर. मुंबई २८ मैलांवर आली तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, ३,००० फुटांवर या. अहो, १५,००० फूट उतरायचेत! हजार फुटांना तीन मैल धरले तरी ४५ मैलांवर सांगायला हवं होतं. नाक खाली केलं की ओव्हरस्पीडची कटकट, नाही केलं की धावपट्टी पायाखालून निघून जाते.

सिम्युलेटरसोबत फुकट येणाऱ्या एटीसीबद्दल, म्हणजे हवाई नियंत्रकाबद्दल, काय सांगू? त्याने मला ४,००० फुटांवर कळसूबाईच्या दिशेने धाडलं होतं. कळसूबाई ५,४०० फूट! त्याच रात्री वैतागून अडीच हजारांची वर्गणी भरून बाईंचं हे अ‍ॅड-ऑन घेतलं. तेवढ्या पैशांत शेतावर आख्ख्या भाऊबंदकीची भरीत पार्टी झाली असती, हे आईने आजवर किती वेळा ऐकवलं याची मोजदाद नाही.

आवाज छान आहे, रीडबॅक, म्हणजे त्यांची सूचना परत म्हणून दाखवताना, चुकला तर पकडतात. ते सोडा. माझं घोडं अडलंय ते उतरण्यापाशी. आयएलएस म्हणजे धावपट्टीवर उतरवणारे रेडिओ संकेत; त्यातला लोकलायझर डावी-उजवी दिशा दाखवतो, ग्लाइडस्लोप उतार. हा ग्लाइडस्लोप खालून पकडायचा असतो. तीन अंशांचा उतार, म्हणजे धावपट्टीपासून १० मैलांवर साधारण ३,००० फूट उंची. तुम्ही वरच राहिलात तर लोकलायझर धरला जातो आणि पडद्यावरचा ग्लाइडस्लोपचा हिरा, म्हणजे त्याची खूण, पार तळाला जाऊन बसतो. मग गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. एका रविवारी चार वेळा केला, पाचव्या वेळी लाइट गेली.

कंपनीला मेल टाकला. अकरा दिवसांनी उत्तर आलं : लॉग फाइल पाठवा. पाठवली. मग म्हणे, तुमच्या फ्लाइट प्लॅनमध्ये स्टारच (विमानतळावर येण्याचा ठरलेला मार्ग) नाही, सगळं 'डायरेक्ट' टाकलंय. रागाने लाल झालो, पण खरं होतं. आगमनाचा मार्ग टाकल्यापासून टप्प्याटप्प्याने उतरवतात, बऱ्याचदा वेळेवर. म्हणजे सुरुवातीच्या तीन महिन्यांतल्या निम्म्या शिव्या मी परत घेतो. परवा मात्र स्टार टाकूनही उशीर केलाच.

उरलेल्या निम्म्या शिव्या मेनूसाठी. उतरण्याची परवानगी वैमानिकाने स्वतः मागायची सोय आहे, पण ती तिसऱ्या पानावर दडवलेली! सहाव्या महिन्यात सापडली. आता उंचीचा हिशोब वहीत करतो आणि ५० मैलांवर मीच मागतो. फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात, वेग ११५ नॉट असला की गुणिले पाच, मिनिटाला साधारण ५७५ फूट उतरायचं. वही वीस रुपयांची.

बाईंचं विमान वळवणं अजून भिकार आहे. पाच मैलांवर, जवळजवळ काटकोनात लोकलायझरवर ढकलतात. ३० अंशांत हवं. तेव्हा 'अनेबल', म्हणजे जमणार नाही, म्हणायचं. बाई रागावत नाहीत, लांबून फिरवून आणतात. हे कळल्यावर मजा यायला लागली, कबूल आहे.

वर्गणी पुन्हा भरणार नाही. २००१ पासून व्हॅटसिम या सिम्युलेटरवाल्यांच्या ऑनलाइन जाळ्यावर खरी माणसं हौसेने फुकट कंट्रोल करतात, तिकडेच जायचंय. अडचण एकच. माइक चालू असला की नेमकी आई दारात येऊन विचारते, "हाऊ कोनासंगे बोली ऱ्हायना?"