बेसा रोडवरचा 'इको निवास' फ्लॅट : भिंती पास, खिडक्यांना एटीकेटी

आधीच सांगतो, बिल्डरचं नाव लिहिणार नाही, सोसायटी अजून हँडओव्हर व्हायची आहे, कन्व्हेयन्स बाकी आहे, उगाच कशाला. नागपूर, बेसा रोडच्या पुढे, सात मजल्यांची बिल्डिंग, आमचा २ बीएचके सगळ्यात वरचा, म्हणजे डोक्यावर डायरेक्ट स्लॅब आणि मोठी बेडरूम पश्चिमेला. नागपूरच्या माणसाला एवढं वाचूनच घाम फुटला असेल. तरी घेतला, कारण ब्रोशरवर हिरव्या पानाच्या बाजूला लिहिलं होतं 'इको निवास संहितेनुसार बांधकाम' आणि सेल्सवाल्या पोराने चौरस फुटामागे दोनशे रुपये त्याचेच जास्त सांगितले. नवतपा धरून अख्खा उन्हाळा यात काढलाय, आता लिहायला हरकत नाही.

ही संहिता काय ते पटकन सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑफिस, मॉल, हॉटेल यांच्यासाठी ईसीबीसी नावाचा वीज बचतीचा कोड २००७ पासून आहे, २०१७ ला त्याची नवी आवृत्ती आली, पण राहत्या घराला कोणी विचारत नव्हतं. डिसेंबर २०१८ मध्ये बीईईने, म्हणजे ज्यांचे स्टार आपण फ्रीज-एसीवर मोजतो त्यांनीच, घरांसाठी इको निवास संहिता काढली. तिचा पहिला भाग फक्त बाहेरच्या अंगाचा, म्हणजे भिंती, छत, खिडक्या. २०२१ ला दुसरा भाग आला, त्यात लिफ्ट, पंप, कॉमन लाईट वगैरे. मग २०२२ ला ऊर्जा संवर्धन कायदाच बदलला आणि १०० किलोवॅटच्या वर कनेक्टेड लोड असलेल्या राहत्या बिल्डिंगपण त्यात आल्या, आणि २०२४ ला संहितेची परत नवी आवृत्ती. आता बघा, नियम दोन-तीन वर्षांनी हलतोय आणि बिल्डिंग उभी राहायला चार वर्षं लागतात, त्यामुळे 'संहितेनुसार' हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा, कोणत्या सालच्या? आमची २०१८ वाली, पहिला भाग, एवढंच. आणि दिल्लीत नियम निघाला म्हणून इथे काही होत नाही, राज्याने तो आपल्या नियमावलीत घ्यायचा, मग नकाशा पास करणाऱ्या टेबलावर कोणीतरी तो कागद मागायचा, तेव्हा कुठे बिल्डर हलतो.

आता फ्लॅट. स्लॅबपासून सुरू करतो कारण मला भीती त्याचीच होती आणि तिथेच सगळ्यात जास्त पैसे वसूल झालेत. संहिता म्हणते छताची यू-व्हॅल्यू १.२ च्या वर जायला नको (हा आकडा जितका कमी तितकी उष्णता कमी झिरपते). नुसता आरसीसी स्लॅब तीनच्या वर जातो, आपला नेहमीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकला तरी १.२ ला येत नाही, म्हणजे इन्सुलेशन टाकावंच लागतं, त्यात पळवाट नाही. आमच्या गच्चीवर फोमच्या शीट आहेत, त्यावर कोबा, वरून पांढरी चायना मोझॅक. आधी ज्या भाड्याच्या घरात होतो तिथे रात्री अकराला पंखा लावला की हेअर ड्रायरखाली बसल्यासारखं वाटायचं, इथे मे महिन्यात रात्री छताकडून तसा भपका येत नाही. एसी लागतोच, नागपूर आहे बाप्पा, पण २६ वर ठेवून झोप लागते.

भिंती एएसी ब्लॉकच्या (आत हवेचे बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक), आठ इंची. मस्त आहेत. सेम प्रोजेक्टमध्ये मागचा जो टॉवर आहे तो मायवानचा, म्हणजे ॲल्युमिनियमची शटरिंग लावून अख्खी भिंतच काँक्रीटची ओततात, काम धडाधड होतं, सव्वासहा इंचाची भिंत, पण काँक्रीट एएसीपेक्षा आठ-नऊ पट उष्णता पुढे ढकलतं. तिथे माझ्या ऑफिसमधले एक भाऊ राहतात, त्यांच्या पश्चिमेच्या भिंतीला रात्री दहाला हात लावा आणि मग आमच्या भिंतीला लावा, अजून काही मोजायची गरज नाही. ब्लॉकमध्ये राखच असते म्हणे, इकडे कोराडी-खापरखेड्याला राखेची काय कमी. वैताग एकच, साधा खिळा धरत नाही, टीव्हीचा स्टँड लावायला वेगळे फास्टनर आणावे लागले, आणि ब्लॉक जिथे काँक्रीटच्या बीमला मिळतो तिथे मिस्त्रीने जाळी नीट मारली नसेल तर प्लास्टरला केसाएवढी चीर पडते, आमच्या हॉलमध्ये पडलीच आहे, बिल्डर म्हणतो पुट्टी मारून देतो.

आता खिडक्या. इथे खरा खेळ आहे आणि इथेच मी स्टार कापलेत.

भिंती आणि काचा मिळून आत किती उष्णता येते त्याचा एक आकडा काढतात, आरईटीव्ही, तो चौरस मीटरला १५ वॅटच्या आत पाहिजे. पण हा आकडा अख्ख्या बिल्डिंगचा असतो, चारही बाजू मिळून सरासरी! पश्चिमेला वजन जास्त देतात हे खरं, तरी सरासरी ती सरासरीच. ब्लॉकच्या भिंती चांगल्या असल्याने बिल्डरकडे मार्क शिल्लक राहतात आणि ते तो पश्चिमेच्या व्ह्यूसाठी मोठ्या काचेवर उडवतो. उत्तरेच्या फ्लॅटवाले गारेगार, आम्ही दुपारी तीननंतर बेडरूमला पडदे ओढून, आणि कागदावर दोघेही पास. काच साधीच, छज्जा जेमतेम फूटभर. चार वाजता ऊन इतकं तिरपं येतं की त्याचा काही उपयोग नाही. काळी फिल्म मारा असं सगळे सांगतात, पण संहितेत काचेतून उजेड किती यायलाच पाहिजे याचीपण मर्यादा आहे, आणि ती बरोबर आहे, नाहीतर बिल्डर सगळीकडे काळ्या काचा लावून मोकळा झाला असता आणि आपण दुपारी लाईट लावून बसलो असतो.

दुसरं, उघडणारी खिडकी. नागपूरच्या हवामानासाठी कार्पेटच्या साडेबारा टक्के जागा बाहेर उघडणारी पाहिजे (मुंबईसारख्या दमट ठिकाणी तर १६.६६ टक्के). आमचा कार्पेट ७२० फूट, म्हणजे ९० फूट. आता स्लायडिंग खिडकी कितीही मोठी लावा, दोन पल्ल्यांची असेल तर उघडते अर्धीच, संहितेतपण ती अर्धीच धरतात, आणि पूर्ण बाहेर उघडणाऱ्या पल्ल्याची ९० टक्के धरतात. टेप घेऊन बसलो. दोन बेडरूमच्या सहा बाय चारच्या, प्रत्येकी बारा. बाल्कनीचा आठ बाय सातचा दरवाजा, अठ्ठावीस. किचनची खिडकी आठ, युटिलिटीचं दार साडेसतरा. झाले साडेसत्त्याहत्तर, बाथरूमच्या धरल्या तरी ८५ च्या आतच. मग पास कसं झालं? सँक्शनच्या ड्रॉइंगमध्ये खिडक्या पल्ल्याच्या आहेत आणि साईटवर लागल्या स्लायडिंग! पल्ल्याच्या धरल्या तर शंभराच्या वर जातं. साईट इंजिनिअरला विचारलं तर म्हणे, "सर, आजकाल सगळे स्लायडिंगच मागतात, जाळी पण बसते." अहो पण मला कोणी विचारलं?

हे एवढं लावून धरतो कारण आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे कूलर. कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखं स्वस्त काही नाही, पण तो बाहेरची हवा आत ढकलतो, तेवढीच हवा समोरून बाहेर जायला नको का? अर्ध्या उघडणाऱ्या स्लायडिंगमध्ये कूलर बसवला की ती खिडकी संपली, हवा निघायला जागा नाही, तासाभरात घर चिपचिप. वर बाहेरून स्टँड लावायला मनाई, एलिव्हेशन खराब दिसतं म्हणे. म्हणजे वीज वाचवायच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी मुकाट एसी घ्यायचे. नियमात खिडकीचं क्षेत्रफळ आहे, कूलर कुठे ठेवायचा ते कुठेच नाही, बहुतेक लिहिणाऱ्यांचा मे महिना नागपुरात गेला नसावा.

कॉमनचं फार काही नाही, एलईडी, लिफ्ट ठीक, पंप आवाज करतो पण चालतो. गच्चीवर सोलर अजून नाही, सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन मीटरला किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे, हँडओव्हर झालं की तो विषय काढणार आहे. (फोमच्या शीटमध्ये भोकं न पाडता स्टँड कसे बसवायचे ते आधी ठरवा असं आत्ताच सांगून ठेवलंय.)

दोनशे रुपये फूट जास्त दिल्याचं वाईट वाटतं का? स्लॅब आणि भिंतीचं नाही वाटत. पाचपैकी साडेतीन. बाजूला दुसऱ्या फेजचं बुकिंग सुरू आहे, जाणार असाल तर हिरव्या पानावर जाऊ नका, तीन कागद मागा : आरईटीव्हीचं कॅल्क्युलेशन, गच्चीच्या थरांचं ड्रॉइंग आणि विंडो शेड्यूल (कोणती खिडकी किती मोठी आणि कशी उघडणारी त्याची यादी), आणि विंडो शेड्यूल ॲग्रीमेंटला जोडूनच घ्या. पश्चिमेचा वरचा फ्लॅट स्वस्तात देत असेल तर दोन फुटी छज्जा आणि पल्ल्याच्या खिडक्या लिहून घ्या, नाहीतर उत्तरेचा तिसरा-चौथा मजला बघा. आमच्या बेडरूमच्या खिडक्या बदलून देतो म्हणालाय, खर्च अर्धा-अर्धा, मी म्हटलं ड्रॉइंग तुझं, खर्च पण तुझाच, अजून फोन आलेला नाही.