यूसीआयनेट घ्यावं का? हो, पण लिन फ्रीमन कोण होते ते आधी समजून घ्या

सोशल नेटवर्क अ‍ॅनालिसिससाठी, म्हणजे माणसामाणसांमधल्या संबंधांचं जाळं मोजून अभ्यासायला, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर चित्र काढायचं असतं, रंगीत गोळे, त्यांना जोडणाऱ्या रेषा, थीसिसमध्ये एक झकास पान. त्यासाठी गेफी नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, दिसतंही छान. पण ज्यांना समाजशास्त्र करायचंय, म्हणजे या माणसांमध्ये कुणाकडून निरोप जातो, कोण मध्येच अडवू शकतं, कोण नुसतं ओळखीचं आहे आणि कोणावाचून खरंच काम अडतं हे शोधायचंय, त्यांनी यूसीआयनेट हे नेटवर्क मोजायचं सॉफ्टवेअर शिकावं असं माझं ठाम मत आहे. हे सॉफ्टवेअर म्हणजे एका समाजशास्त्रज्ञाचं जवळजवळ अख्खं करिअर आहे, आपण उघडतो आणि चालवतो.

तो समाजशास्त्रज्ञ म्हणजे लिंटन फ्रीमन, सगळे लिनच म्हणायचे. जन्म 1927, शिकागो. पीएचडी 1956 ला नॉर्थवेस्टर्नमधून. सुरुवातीचं काम अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात निर्णय नक्की कोण घेतं यावर, मग बरीच विद्यापीठं बदलत 1979 ला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसमध्ये सोशल सायन्सेसचे डीन म्हणून आले. यूसीआयनेट तिथलंच, 80 च्या दशकात पहिली आवृत्ती त्यांनी स्वतः लिहिली, आणि पुढे अर्व्हाइनमध्येच पीएचडी केलेले स्टीव्ह बोर्गाटी आणि ब्रिटिश गणिती मार्टिन एव्हरेट यांनी ते वाढवलं. आज आपण जी विंडोजवाली सहावी आवृत्ती वापरतो ती 2002 ची, या तिघांच्या नावावर.

आता खरी मजा. नेटवर्क मेनूत जा, सेंट्रॅलिटी (जाळ्यात कोण किती मध्यवर्ती) निवडा, तिथे बिट्वीननेस (कोण किती जणांच्या मध्ये येतं) याच्या पुढे फ्रीमन हे नाव लिहिलेलंच आहे. हे माप त्यांनी 1977 ला मांडलं. त्यामागची कल्पना 40 च्या दशकातल्या अ‍ॅलेक्स बावेलास यांची, एमआयटीमधल्या त्यांच्या गटाने पाच-पाच माणसांना वेगळं बसवून फक्त चिठ्ठ्या पाठवायला लावल्या होत्या, कुणी कुणाला लिहायचं ते आधीच ठरवून. सगळ्या चिठ्ठ्या मधल्या एकाकडून जात असतील तर काम पटकन व्हायचं पण कडेच्या माणसांना ते आवडायचं नाही, आणि गोलात बसवलं तर काम रेंगाळायचं पण माणसं जास्त खूश असायची. फ्रीमननी यातून विचारलं की मधला म्हणजे नक्की किती मधला, ते मोजायचं कसं? उत्तर असं की कुठल्याही दोन माणसांमधला सगळ्यात जवळचा रस्ता किती वेळा तुमच्याच दारावरून जातो ते मोजा. बस. एवढी साधी गोष्ट, पण तोपर्यंत अशी नीट कुणी मांडून आपल्या हातात दिली नव्हती.

हे कळायला सॉफ्टवेअरसोबतच येणारा पॅजेट नावाचा डेटा उघडा. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समधली 16 घराणी आणि त्यांचे सोयरसंबंध. स्ट्रॉझी घराण्याचे 4 घराण्यांशी संबंध, अल्बिझींचे 3 शीच, म्हणजे मोजदादीत स्ट्रॉझी पुढे. बिट्वीननेस चालवा, अल्बिझी 19.33 आणि स्ट्रॉझी फक्त 9.33! आणि मेडिची? 47.5. संबंध त्यांचेही 6 च आहेत हो, पण बाकीच्या घराण्यांना एकमेकांपर्यंत पोचायचं तर वाटेत मेडिची येतातच. मी सातारा जिल्ह्यातल्या बचत गटांचा डेटा घेऊन बसले होते, त्यातही सगळ्यात जास्त नावं अध्यक्ष ताईंचीच आली, पण बिट्वीननेसमध्ये वर आली दुसऱ्या वाडीतून लग्न होऊन आलेली एक सून, जिचं माहेर आणि सासर दोन्ही गट एकमेकांशी बोलायचे ते तिच्यामार्फत. माझ्या थीसिसचं अख्खं प्रकरण तीन त्या एका आकड्यावरून बदललं.

सोबतच्या डेटासेट्सबद्दल अजून सांगायचंय, कारण पैसे वसूल होतात ते इथे. कराटे क्लबचे 34 सदस्य आहेत, जिथे भांडण होऊन क्लब फुटला. मिसिसिपीतल्या 18 बायका आणि 14 कार्यक्रम आहेत, 1930 च्या दशकातले, कोण कुठल्या कार्यक्रमाला गेलं याची नोंद. आणि माझा सगळ्यात आवडता, फ्रीमनचा स्वतःचा ईआयईएस, कॉम्प्युटरवरून निरोप पाठवायच्या एका जुन्या यंत्रणेच्या नावाचा. 1978 च्या सुमारास, जेव्हा ईमेल सामान्य माणसाने ऐकलंही नव्हतं, तेव्हा त्यांनी नेटवर्कवर काम करणाऱ्या संशोधकांना कॉम्प्युटरवरून एकमेकांशी बोलायला बसवलं आणि आधी कोण कुणाला किती ओळखत होतं, नंतर किती, कुणी कुणाला किती मेसेज पाठवले, सगळं नोंदवलं. त्यातल्या 32 जणांचा डेटा इथे आहे. म्हणजे आपल्याच विषयाच्या लोकांना त्यांनी अभ्यासाचा विषय केला. त्याच 1978 ला सोशल नेटवर्क्स नावाचं जर्नलही त्यांनी सुरू केलं आणि बरीच वर्षं सांभाळलं, त्यामुळे गणिती, मानववंशशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ असे इकडेतिकडे विखुरलेले लोक एका जागी छापून यायला लागले.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही, ती फ्रीमनच्या 1987 च्या अभ्यासातून घ्या. अर्व्हाइनच्या सेमिनारला अमुक दिवशी कोण कोण आलं होतं असं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना नंतर विचारलं. नेहमी येणारा त्या दिवशी गैरहजर असला तरी लोकांनी तो होता असं सांगितलं, आणि क्वचित येणारा खरोखर बसलेला असूनही विसरला गेला. म्हणजे लोक एक दिवस नाही, नेहमीची घडी आठवतात. तेव्हा प्रश्नावलीत 'काल कोणाशी बोललात' विचारून आलेलं उत्तर कालचं समजू नका, ते बहुतेक नेहमीचं असतं, आणि आपल्याला अनेकदा तेच हवं असतं.

आता कमतरता. दिसायला जुनाट आहे, रिझल्ट नोटपॅडमध्ये साध्या टेक्स्टमध्ये येतो. मला हे उलट आवडतं, आकडे नीट वाचावे लागतात. प्रत्येक डेटासेटच्या दोन फाइल्स असतात, .##एच आणि .##डी, कॉपी करताना दोन्ही घ्या नाहीतर उघडणारच नाही. काही हजार नोड्सच्या (म्हणजे जाळ्यातल्या माणसांच्या) पुढे बऱ्याच गोष्टी फार मंद होतात, सोशल मीडियाचा लाखांचा डेटा असेल तर आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांकडेच जा. पण एक गाव, एक ऑफिस, एक शाळा, दहा बचत गट एवढ्यासाठी याच्यासारखं दुसरं मी पाहिलेलं नाही. चित्रांसाठी नेटड्रॉ नावाचा प्रोग्रॅम सोबतच मिळतो.

पैसे लागतात, पण आधी ट्रायल मिळते आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे. डिपार्टमेंटने लायसन्स घेतलंय का ते ऑफिसात विचारा, अनेकदा घेतलेलं असतं आणि कुणाला माहीत नसतं. मॅकवाल्यांना विंडोज चालवायची सोय आधी करावी लागेल. इन्स्टॉल झालं की पहिल्या दिवशी स्वतःचा डेटा टाकू नका, पॅजेट उघडा, मग ईआयईएस, आकडे हाताने कागदावर एकदा पडताळा, आणि मगच आपली एक्सेल शीट आणा.