जुन्या अ‍ॅम्पचे कंडेन्सर : बदलायचे की राहू द्यायचे? दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवून

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर दोन गिटार अ‍ॅम्प येऊन बसले. एक ऑर्केस्ट्रातल्या पोराचा, ट्रान्झिस्टरवाला, बारा इंची स्पीकरचा, वय साधारण पंचवीस. गणपती, नवरात्र, लग्नाच्या वराती सगळं सोसून काळा पडलेला. दुसरा रेल्वे लाइन्समधल्या एका काकांचा, व्हॉल्व्हचा (म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा), सत्तरच्या दशकातला. दहा-बारा वर्षं पत्र्याखालच्या माळ्यावर पडून होता. दोघांचं म्हणणं एकच, "कंडेन्सर गेलेत, सगळे बदलून टाका." कंडेन्सर म्हणजे वीज साठवून सोडणारा छोटा डबा. एकाचे चार बदलले, दुसऱ्याचा एकही नाही.

आधी कान लावायचा, पेचकस नंतर. गिटारची केबल काढा, सगळे नॉब शून्यावर आणा आणि अ‍ॅम्प चालू करा. 'घूंऽऽ' तरीही तेवढाच येत राहिला, नॉबला दादच देत नसेल, तर संशय पॉवर सप्लायवर. केबल परत लावल्यावर व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर भानगड त्या नॉबच्या अलीकडे : केबल, जॅक, पिकअप, पेडलचा अडॅप्टर. मग त्या घूंचा सूर बघा. आपली वीज ५० हर्ट्झची; रेक्टिफायरमधून (एसीची डीसी करणारा भाग) गेली की फिल्टरवर (ती डीसी सपाट करणारे मोठे कंडेन्सर) उरते ती लहर १०० हर्ट्झची. गिटारच्या सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झला वाजतो. घूं त्याच्याशी जवळजवळ जुळून किंचित चढा लागला, तर बहुधा फिल्टर कंडेन्सर. एक सप्तक खाली लागला, तर अर्थिंग किंवा व्हॉल्व्हचा हीटर तपासा. अमेरिकेतली मंडळी व्हिडिओत १२० हर्ट्झ सांगतात, कारण त्यांची वीज ६० ची. तो सूर सोलापुरात शोधत बसू नका.

पोराच्या अ‍ॅम्पचा घूं व्हॉल्यूमबरोबर वाढायचा, आणि गाण्याच्या मध्येच आवाज एकदम बसायचा. तो म्हणाला, "दादा, मेकॅनिकनं उघडून दाखवलं मला, लीक झालेत." मीही उघडून बघितलं. ४७०० मायक्रोफॅरडच्या दोन मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी चिकट थर होता खरा, पण तो कारखान्यात लावलेला गोंद! नखानं उचकटला तर पापुद्रा निघाला, खाली पाय चकचकीत, डोकी सपाट. खरी गळती अशी दिसत नाही. तिथे पायाशी पांढरट-हिरवट क्षार धरतो, बोर्डावरचं तांबं काळवंडतं, डोक्यावरची खाच फुगून वर येते. (गोंद जुना होऊन काळा, कडक झाला असेल तर मात्र तो खरवडून काढावा, तसल्या गोंदातून वीज झिरपू लागते.)

मग मीटर. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये बहुतेक वेळा पॉवर सप्लायच्या एक प्लस आणि एक मायनस अशा दोन बाजू असतात, दोन्हींना सारखाच कंडेन्सर. म्हणजे तुलनेचं माप आतच तयार. दोन्हींवरची एसी लहर मोजली, ती एक दशांश व्होल्टच्या आत आणि दोन्हीकडे सारखी भरली. एका बाजूला कित्येक पट जास्त आली असती तर तो कंडेन्सर काढलाच असता. स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही फसतात, तेवढं आधी पारखून घ्या.

आवाज बसण्याचं कारण निघालं मागच्या इफेक्ट्स लूपच्या जॅकमध्ये (पेडल मध्ये जोडण्यासाठीची 'सेंड' आणि 'रिटर्न' ही दोन भोकं). काहीही न लावता सिग्नल या जॅकच्या आतल्या पातळ पत्तीवरून जातो आणि ती पत्ती काळी पडते. सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी केबल खोचली, आवाज भरून आला. कॉन्टॅक्ट क्लीनरनं पत्ती साफ केली. घूं पेडलच्या अडॅप्टरचा होता. वीस कंडेन्सर बदलून यातलं काहीच गेलं नसतं, उलट जुन्या बोर्डाच्या ट्रॅक उखडल्या असत्या. अर्धी 'कंडेन्सर गेलेत'ची प्रकरणं मला अशीच भेटतात.

काकांच्या अ‍ॅम्पची गोष्ट वेगळी. त्यांनी तो उतरवून थेट प्लगला लावला नव्हता, हे नशीब. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच वीज अडवतो. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की तो झिजतो. एकदम साडेतीनशे-चारशे व्होल्ट दिले तर आतून गळती, उष्णता, कधी फटाका. म्हणून सिरीज बल्ब लावला, म्हणजे अ‍ॅम्पकडे जाणारी वीज आधी बल्बमधून नेली. बल्ब जुना १०० वॉटचा, फिलामेंटवाला. एलईडीचा उपयोग नाही. बल्ब भप्पकन पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. इथे तो मंद झाला.

बल्ब काढून अ‍ॅम्प पूर्ण विजेवर घेतला. नॉब शून्यावर, तरी घूं भरघोस, तिसऱ्या फ्रेटच्या सुराला मिळणारा. बारीक तारेवर उंच सूर ताणला की त्याच्या खाली दुसराच बेसूर स्वर उमटायचा. पेटीवर शेजारची पट्टी चुकून दाबली जावी, तसा. त्याला भुताचा सूर म्हणतात. फिल्टरवरची लहर वाजवलेल्या सुरात मिसळून तो तयार होतो. जाड तारांचा आवाज ढिला. यात 'पुट-पुट-पुट' असं मोटारीसारखं स्पंदनही कधी येतं, ते इथे नव्हतं. तरी लगेच डाग द्यायला बसलो नाही. दोन आउटपुट व्हॉल्व्ह पुशपुलमध्ये, म्हणजे आळीपाळीनं उलटसुलट, चालतात, दोघं सारखे असले तर ही लहर एकमेकांत कटते. एक थकला की कंडेन्सर चांगले असूनही हाच घूं येतो. जुळवलेली जोडी लावून पाहिली, घूं हलला नाही. तेव्हा निकाल लागला.

व्होल्टेजचा फरक इथे कळीचा. व्हॉल्व्हच्या पहिल्या फिल्टरवर काही व्होल्ट लहर असणं मुळात वावगं नाही, ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला तीच लहर आजारपण ठरते. पण व्हॉल्व्हचा फिल्टर शॉर्ट झाला तर नुसता फ्यूज जात नाही, रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. म्हणून पंधरा-वीस वर्षं ओलांडलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे फिल्टर मी आवाज चांगला असला तरी बदलायला सांगतो. ट्रान्झिस्टरवाल्याला नुसत्या वयावरून कधीच नाही.

बदललेले चार म्हणजे तीन फिल्टर आणि एक बायसचा. हा शेवटचा करंगळीएवढा, साऱ्यांत स्वस्त, आणि त्याच्याकडेच कोणी बघत नाही. तो सुकला की आउटपुट व्हॉल्व्हला आवर घालणारं निगेटिव्ह व्होल्टेज घसरतं, प्लेटा लाल होतात आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही धोक्यात येतो. सिरॅमिक, मायका, फिल्मच्या कंडेन्सरना मी हातही लावला नाही. त्यांत द्रवच नाही, सुकणार काय? जुने मेणकागदाचे असते तर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल शिरतो त्या टोकावर) डीसी गळतंय का हे नक्की मोजलं असतं.

मुख्य फिल्टर ४५० व्होल्टचे लागतात. नवी पेठेत मला ३५, ५० व्होल्टचे हवे तेवढे मिळाले, हे मागवावे लागले. व्होल्ट मूळच्याइतके किंवा जास्त, मायक्रोफॅरड जवळपास : २० च्या जागी २२ चालतो. '४७ टाकला की अजून भारी' हे व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या अ‍ॅम्पवर करू नका. ५वाय३ सारख्या व्हॉल्व्हच्या पहिल्या फिल्टरला साधारण २० मायक्रोफॅरडचीच मर्यादा आहे. आपल्या एप्रिल-मेचा विचार करून ८५ ऐवजी १०५ अंशांचे घ्या. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. दुकानात किती वर्षं पडून होते हेही विचारा, तिथेही थर झिजतोच.

स्वतः करणार असाल तर एकच सांगणं : प्लग काढल्यावरही व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या फिल्टरवर चारशे व्होल्ट बसून राहू शकतात. १० किलोओम, ५ वॉटचा रेझिस्टर वायरीला जोडून ते उतरवायचे, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत बोट नाही. पेचकसानं ठिणगी काढणारे बहाद्दर आहेत. त्यातल्या एकाचा पेचकस टोकाला वितळलेला मी पाहिलाय. मीटर धरायचीच भीती वाटत असेल तर व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प जाणत्याकडेच द्या. जॅकची पत्ती मात्र कुणीही पुसू शकतो, अगदी वरातीच्या दिवशी दुपारी.

काकांचे जुने तीन फिल्टर मी काढून मोजले. दोन ठीक भरले, तिसऱ्यावर ३२ लिहिलं होतं, मीटरनं ९ दाखवले. ते तिन्ही पिशवीत घालून अ‍ॅम्पबरोबर परत दिले, आणि चॅसिसच्या आत मार्करनं तारीख टाकली.