सिक्स-जी पाइप वेल्डिंगचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम: एका शिकाऊ वेल्डरचा अभिप्राय

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील एका खासगी वेल्डिंग प्रशिक्षण केंद्रात मी नुकताच सिक्स-जी पाइप वेल्डिंगचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. केंद्राच्या उणिवांविषयीही मला स्पष्ट लिहायचे असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. आयटीआय झाल्यावर अशा अभ्यासक्रमासाठी ४८ हजार रुपये भरावेत की भरू नयेत, या विचारात पडलेली मुले आणि त्यांचे पालक यांना निर्णय घेताना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

मी आयटीआयमधून वेल्डर ट्रेडचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला आणि त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एका मोठ्या फॅब्रिकेशन कंपनीत वर्षभर शिकाऊ उमेदवार म्हणून काम केले. विद्यावेतन वेळेवर मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या वर्षातील नऊ महिने माझ्या हातात ग्राइंडरच होता. पाइपच्या तोंडाला बेव्हल म्हणजे तिरका उतार मारणे, स्लॅग म्हणजे जोडावर साचणारी मळी काढणे, फिटरने लावलेला जोड धरून ठेवणे आणि फार झाले तर टॅक म्हणजे तात्पुरते टाके मारणे, यापलीकडे मला जाऊ दिले नाही. प्रेशर पाइपच्या जोडाचा एक्स-रे निघतो, तो नापास झाला तर संपूर्ण जोड उघडून पुन्हा करावा लागतो आणि तो खर्च शिकाऊ मुलाच्या हातावर सोपवायला कोणताही सुपरवायझर तयार नसतो, हे मला तेव्हाही समजत होते. म्हणजे पाइपवर हात बसल्याशिवाय पाइप मिळत नाही आणि पाइप मिळाल्याशिवाय हात बसत नाही. ही कोंडी फोडण्यासाठी मी या केंद्राकडे वळलो.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाइप फिरवत वेल्डिंग करता येते त्या स्थितीला वन-जी म्हणतात. पाइप उभा ठेवून सभोवती आडवा जोड करायचा ती टू-जी. पाइप आडवा व स्थिर ठेवून खालून वर जायचे ती फाइव्ह-जी. आणि पाइप ४५ अंशांत कललेला, स्थिर, म्हणजे वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचे, ती सिक्स-जी. या एका जोडात डोक्यावरचे, उभे, आडवे आणि सपाट अशी सगळीच कामे क्रमाने येतात, म्हणून रिफायनरी, खत कारखाना किंवा औष्णिक वीज केंद्रातील पाइपिंगसाठी वेल्डर घेताना बहुधा हीच चाचणी घेतली जाते. जोडावरची जागा आम्ही घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगतो: सहा वाजता तळाशी सुरुवात आणि बारा वाजता माथ्यावर शेवट, आधी एक बाजू आणि मग दुसरी.

केंद्रात सरावासाठी सहा इंची, शेड्यूल ८० (भिंतीच्या जाडीची श्रेणी) चा कार्बन स्टील पाइप वापरतात. त्याचा बाहेरचा व्यास १६८.३ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी जवळजवळ ११ मिलिमीटर असते. सव्वाशे मिलिमीटर लांबीचे दोन तुकडे जोडले की साधारण साडेदहा किलोचा जोड तयार होतो. अशा अभ्यासक्रमाच्या शुल्कातील मोठा वाटा या लोखंडाचाच असतो, त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी विचारण्याजोगा पहिला प्रश्न म्हणजे एका विद्यार्थ्याला प्रत्यक्ष किती जोड करायला मिळतात. माझ्या वहीत ६१ जोडांची नोंद आहे आणि त्यांतील २३ सिक्स-जी स्थितीतील आहेत. केलेला जोड कापून, पुन्हा बेव्हल मारून तेच तुकडे चार बोटे लांबीचे उरेपर्यंत वापरले जात. मला त्यात काहीच गैर वाटले नाही. उलट बेव्हल आणि फिट-अपचा, म्हणजे तुकडे जुळवून बसवण्याचा, सराव त्यामुळेच दुपटीने झाला. प्रत्येक बाजूला साडेसदतीस अंशांचा बेव्हल, दीड मिलिमीटरच्या आसपास रूट फेस (बेव्हलच्या टोकाला ठेवलेली सपाट कड) आणि दोन तुकड्यांत अडीच ते तीन मिलिमीटर गॅप, हे माप रोज स्वतः घ्यावे लागे. गॅप सारखा राहावा म्हणून रॉडवरचे फ्लक्स झाडून आतली तार व्हीच्या आकारात वाकवायची, ती दोन तुकड्यांच्या मध्ये ठेवायची आणि मग टॅक मारायचे, ही साधी युक्ती मी कंपनीत वर्षभर दुरून पाहिली होती. येथे ती पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात आली.

या केंद्राची खरी ताकद म्हणजे तेथील मुख्य प्रशिक्षक. औष्णिक वीज केंद्रांच्या शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी काम बंद ठेवतात त्या काळात, बॉयलर ट्यूबवर त्यांनी अनेक वर्षे काम केलेले आहे आणि रूट पास, म्हणजे जोडाच्या तळाचा पहिला थर, सोडून दुसऱ्या कशाचेही त्यांना कौतुक नसते. रूट आर्गनने, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने करायच्या टिग पद्धतीने, २.४ मिलिमीटरच्या फिलर वायरने मारायचा आणि त्यावरचे हॉट पास (दुसरा थर), फिलिंग (मधले थर) व कॅपिंग (सर्वांत वरचा थर) ई-७०१८ जातीच्या वेल्डिंग रॉडने करायचे, अशी पद्धत होती. चौथ्या आठवड्यात मी फाइव्ह-जीमध्ये माझ्या दृष्टीने उत्तम असा एक जोड केला. कॅपिंगच्या लहरी एकसारख्या होत्या, कडेला अंडरकट, म्हणजे खाच, नव्हता, आणि मी मोठ्या अपेक्षेने तो सरांपुढे ठेवला. त्यांनी वरून पाहिलाच नाही. जोड बँडसॉवर उभा चिरायला लावला, अर्धा भाग उलटा करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बोट फिरव आतून.” बारा वाजल्यापासून चारपर्यंत रूटचा उंचवटा बोटाला सारखा लागत होता, पाचच्या पुढे तो सपाट झाला आणि बरोबर सहा वाजता बोट एका खोलगट चरात गेले. “इथं तार बाहेरच ठेवली होतीस तू. तळाला वितळलेलं लोखंड खाली ओघळतं, म्हणजे पाइपच्या आतून बाहेर येतं. तार गॅपमधून जरा आत ढकलून दे, मग आत माल राहील.”

एवढेच बोलून ते पुढच्या मुलाकडे गेले. मी त्या दिवशी आणखी दोन जोडांचे फक्त रूट मारले आणि दोन्ही चिरून पाहिले. दुसऱ्या जोडात सहा वाजताची जागा भरली होती. मात्र त्याच हाताने वर गेल्यामुळे बारा वाजता आत लोंबणारा थेंब तयार झाला होता, कारण माथ्यावर गुरुत्वाकर्षण तोच माल आत ओढते. तळाला तार आत, माथ्याला तार बाहेर, आणि हा बदल तीन वाजता व नऊ वाजताच्या आसपास हळूहळू करायचा, हे ऐकून एका मिनिटात कळते. हाताला कळायला मला अठरा दिवस लागले. प्रत्येक जोड चिरून आतून दाखवण्याची ही शिस्त या केंद्रात शेवटच्या दिवसापर्यंत पाळली गेली. मी प्रवेशापूर्वी आणखी दोन ठिकाणी जाऊन पाहिले होते. तेथे भिंतीवर कॅपिंगची सुंदर छायाचित्रे होती, पण कापलेला जोड एकही दिसला नाही.

रॉडच्या बाबतीतही केंद्र काटेकोर आहे. ई-७०१८ हा लो-हायड्रोजन रॉड हवेतील ओलावा शोषतो आणि तो ओलावा जोडात हायड्रोजन सोडतो, त्यातून पुढे तडा जाऊ शकतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला बेकिंग करून मग गरम पोर्टेबल ओव्हनमधूनच एकेक रॉड काढायचा असतो. पावसाळ्याच्या दिवसांत आमची तुकडी होती, तरी उघड्या पुड्यातला रॉड वापरलेला मी पाहिला नाही.

चाचणीपूर्वीचा बेंड टेस्टचा भागही उत्तम घेतला. सिक्स-जी जोडातून चार पट्ट्या कापायच्या, दोन रूटच्या बाजूने आणि दोन फेसच्या, म्हणजे वरच्या, बाजूने वाकवायच्या, आणि वाकवलेल्या पृष्ठभागावर तीन मिलिमीटरहून मोठी उघडी फट दिसली तर जोड नापास, हा नियम ते फळ्यावर लिहून थांबले नाहीत. हायड्रॉलिक प्रेसवर पट्टी हळूहळू यू आकारात येत असताना सर्वांना जवळ उभे केले जाई. आमच्यातील एकाची पट्टी अर्ध्यावर तडकली तेव्हा आत स्लॅगची काळी रेघ सर्वांना दिसली, आणि त्यानंतर दोन पासांमध्ये ग्राइंडिंग करायचा कंटाळा कोणी केला नाही.

आता उणिवा लिहितो. सर्वांत गंभीर उणीव हवेची आहे. शेडमध्ये बारा बूथ आहेत, पण धूर खेचणारे नळ त्यांतील सातच बूथवर चालू होते आणि उरलेल्या पाच ठिकाणी केवळ भिंतीवरचा पंखा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांच्या गटात केला आहे. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगमध्ये तर हेक्साव्हॅलंट क्रोमियम निघते. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना रोज सहा तास त्या धुरात उभे करणाऱ्या केंद्राने सर्व बूथचे नळ दुरुस्त केल्याशिवाय नवी तुकडी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मी व्यवस्थापकांकडे दोनदा लेखी मागणी केली. एक नळ दुरुस्त झाला. टिगच्या टॉर्चमधील टंगस्टनच्या बाबतीतही हीच गोष्ट आहे. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असते, ते किरणोत्सारी आहे आणि टोक घासताना त्याची धूळ श्वासावाटे आत जाऊ शकते. लँथॅनमचे टंगस्टन बाजारात सहज मिळते आणि त्याने काम तितकेच चांगले होते, तेव्हा लाल टोक शिकणाऱ्यांच्या हाती देण्याचे काहीच कारण नाही.

दुसरी उणीव प्रमाणपत्राविषयीच्या जाहिरातीची आहे. “बारा आठवड्यांत आयबीआर वेल्डर व्हा” असे केंद्राच्या पत्रकावर छापले आहे आणि ते वाचून माझ्या वडिलांनी पैसे उभे केले. प्रत्यक्षात आयबीआर म्हणजे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सनुसार वेल्डरची चाचणी बाष्पके (बॉयलर) निरीक्षकाच्या देखरेखीखाली होते, आणि एएसएमई या अमेरिकन अभियंता संस्थेच्या संहितेतील वेल्डिंग पात्रतेच्या सेक्शन नऊनुसार वेल्डरला पात्र ठरवण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या संस्थेची असते. केंद्राचे प्रमाणपत्र म्हणजे येथे प्रशिक्षण झाले याची पावती आहे. ते घेऊन कोणत्याही कंपनीत गेलात तरी चाचणी नव्याने द्यावी लागते. केंद्राने हे पहिल्याच दिवशी पालकांना समोर बसवून सांगायला हवे होते.

तिसरी उणीव मला सर्वांत महागात पडली. एएसएमई सेक्शन नऊमध्ये ७३ मिलिमीटरहून जास्त बाह्य व्यासाच्या पाइपवर ग्रूव्ह वेल्डची (बेव्हलच्या खाचेत भरलेल्या जोडाची) चाचणी दिली, तर पात्रता ७३ मिलिमीटर आणि त्यापुढच्या व्यासांसाठीच मिळते. दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर आहे, म्हणजे सहा इंचीवर कितीही उत्तम काम केले तरी दोन इंची पाइपला हात लावता येत नाही. उलट दोन इंचीवर चाचणी दिली तर २५ मिलिमीटरपासून वरचे सर्व व्यास मोकळे होतात. त्यामुळे बरेच ठेकेदार दोन इंचीचाच जोड करायला देतात. मलाही एका ठेकेदाराने तोच दिला आणि मी नापास झालो. सहा इंची पाइपचा परीघ सुमारे ५३ सेंटिमीटर आहे, दोन इंचीचा १९. सहा वाजल्यापासून तीन वाजेपर्यंत जाताना टॉर्चचा जो कोन मी १३ सेंटिमीटरमध्ये बदलायला शिकलो होतो, तो येथे पाच सेंटिमीटरच्या आत बदलायचा होता. माझे मनगट वेळेत वळले नाही आणि चार वाजताच्या जागेवर फ्यूजन, म्हणजे धातू वितळून एकजीव होणे, राहून गेले. संपूर्ण अभ्यासक्रमात आम्हाला दोन इंची पाइप फक्त दोन दिवस मिळाला होता.

स्टेनलेस स्टीलचा आठवडा मात्र नेटका झाला. पाइपची दोन्ही तोंडे बंद करून आत आर्गन सोडायचा, त्याला पर्जिंग म्हणतात. पर्जिंग न करता मारलेला एक रूट सरांनी मुद्दाम चिरून दाखवला, तेव्हा आतली बाजू जळालेल्या साखरेसारखी काळी व खडबडीत झालेली होती.

राहण्याची सोय केंद्राकडे नाही. जवळच्या वस्तीत तिघांत मिळून एक खोली आणि मेसचा डबा, असा माझा महिन्याचा खर्च साडेसहा हजारांच्या आसपास आला. तो शुल्कात धरूनच हिशोब करावा. नोकरी मिळवून देण्याचे आश्वासन केंद्राने मला दिले नव्हते आणि ते मला प्रामाणिकपणाचे वाटले.

नापास झाल्यानंतर मी सरांना फोन केला. त्यांनी शनिवारी दुपारी यायला सांगितले आणि पाइप व आर्गनचे पैसे घेऊन, शिकवण्याचे काहीही न घेता, सलग पाच शनिवार माझ्याकडून दोन इंचीचे रूट मारून घेतले. प्रत्येक रूट चिरून बोट फिरवले. सहाव्या आठवड्यात मी त्याच ठेकेदाराकडे पुन्हा चाचणी दिली आणि एक्स-रे स्वच्छ निघाला. आता या महिन्यात एका रिफायनरीच्या शटडाउनवर रुजू होत आहे. गेल्या शनिवारी निरोप घ्यायला केंद्रात गेलो, तेव्हा नव्या तुकडीच्या प्रत्येक स्टँडवर सहा इंचीच्या शेजारी दोन इंचीचा क्लँप बसवलेला दिसला. धुराचे नळ अजून आठच चालू होते.