बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आणि आमच्या गल्लीतले वायरमन

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत इलेक्ट्रिकचं एक जुनं, अरुंद दुकान आहे. तिथल्या वायरमनकडून आम्ही जूनमध्ये बाथरूमला एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. आता पावसाळा सरत आलाय आणि छताला बुरशीचा ठिपकाही नाही, म्हणून निश्चिंतपणे लिहितेय. नुसता पंखा कोणीही बसवून देईल. या माणसाने आधी हवेचा विचार केला, म्हणून त्यांचं नाव मी ओळखीच्या सगळ्यांना सुचवते.

आमची इमारत जुनी. बाथरूमची खिडकी आडव्या काचांच्या पट्ट्यांची आणि ती डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद उभ्या जागेत उघडते. तिथे वारा असा नसतोच. सकाळच्या आंघोळी आटोपल्या तरी भिंती दुपारपर्यंत ओल्या राहायच्या. कोपऱ्यात काळी बुरशी धरायची. ब्लीच लावून पुसली तरी काही दिवसांत परत हजर. सासऱ्यांना दमा आहे आणि त्यांची खोली बाथरूमला लागूनच, त्यामुळे यंदा हे काम करायचंच होतं.

आधी एका ॲपवरून माणूस बोलावला होता. वेळेवर आला, बोलायलाही चांगला. पण वरच्या काचा काढून पंखा अडकवतो, खालच्या उघड्याच असू देत, वायर आतल्या दिव्याच्या पॉइंटवरून घेतो, असं त्याचं म्हणणं. ओल्या बाथरूममध्ये टेप गुंडाळलेला जोड मला नको होता. व्हिजिटचे पैसे देऊन त्याला परत पाठवलं.

दुकानातले वायरमन पन्नाशीचे आहेत. त्यांनी आल्या आल्या बाथरूमचं दार लावून घेतलं, खाली बसून फटीत बोटं घालून पाहिली आणि विचारलं, "ताई, हवा बाहेर काढायची, पण आत कुठून येणार?" आमचं दार पीव्हीसीचं, खाली ग्रॅनाइटचा उंबरा, फट जेमतेम. अशा बंद खोलीत पंखा नुसता गरगरतो, ओढत काहीच नाही. त्यांनी दाराच्या खालच्या भागात प्लास्टिकची जाळी बसवायला सांगितली आणि खिडकीच्या उरलेल्या काचा घट्ट बंद ठेवायला सांगितल्या. पंख्याशेजारचीच काच उघडी राहिली तर पंखा डक्टमधली हवा घेऊन डक्टमध्येच टाकतो आणि आतली वाफ जागची हलत नाही. हवा दाराखालून शिरून समोरच्या खिडकीतून वर बाहेर पडली, तरच ती सगळ्या भिंतींना लागून जाते.

आकाराच्या बाबतीतही ते प्रामाणिक वाटले. काउंटरवरचा मुलगा दहा इंची पंखा दाखवत होता. आमचं बाथरूम पाच फूट बाय सात फूट, उंची नऊ फूट, म्हणजे साधारण नऊ घनमीटर हवा. तासाला दहा वेळा ती बदलायची तरी नव्वद घनमीटर पुरतात, आणि खोक्यावर छापलेला सहा इंची पंख्याचा आकडा त्याहून बराच मोठा होता. सहा इंचीच घेतला, प्लास्टिक बॉडीचा, कारण पत्र्याचा सतत वाफेत राहिला की गंजतो.

मग त्यांचं लक्ष गॅस गिझरकडे गेलं. तो बाथरूममध्येच होता. "हा इथे असेपर्यंत मी पंखा लावणार नाही," ते सरळ म्हणाले. मी म्हटलं, पंखा लावल्यावर तर हवा खेळती राहील ना? त्यावर ते म्हणाले, "लाईट गेली की पंखा बंद. गिझर मात्र सेलवर पेटतो, तो चालूच राहणार." बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. आंघोळ करणाऱ्या माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. पावसात लाईट जातेच, तेव्हा हे मला लगेच पटलं. प्लंबरकडून गिझर ड्राय बाल्कनीत हलवून घेतला, मगच पंख्याचं काम सुरू झालं. आपला धंदा थांबवून हे सांगणाऱ्या माणसाबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

कामही नीटनेटकं. वरच्या काचांच्या जागी ॲक्रिलिकची जाड शीट, तिला गोल भोक, कडेने सिलिकॉन. डक्टच्या बाजूला कबुतरांसाठी मोठ्या छिद्रांची जाळी, कारण मच्छरजाळी धुळीने लगेच बुजते. पंखा बंद झाला की मागच्या पाकळ्या आपोआप मिटतात, त्यामुळे डक्टचा वास आत येत नाही. स्विच बाहेरच्या बोर्डावर आणि दिव्यापासून वेगळा, म्हणजे आंघोळीनंतर दिवा घालवून पंखा वीसेक मिनिटं चालू ठेवता येतो. बोर्ड उघडल्यावर अर्थिंगची वायर सुटलेली दिसली, तीही त्यांनी जोडून दिली.

शेवटी त्यांनी खिशातून उदबत्ती काढली. दार लावून, पंखा चालू करून ती बाहेरून जाळीपाशी धरली. धुराची सरळ वर जाणारी रेघ वाकली आणि जाळीतून आत गेली. सासरे काठी टेकत मुद्दाम बघायला आले होते.

उणीव सांगायची तर वेळेची. सकाळी येतो म्हणाले आणि दुपार उलटल्यावर आले, फोनही उचलला नाही. पक्कं बिल मागून घ्यावं लागलं. मजुरीचे सातशे, शीट आणि जाळ्यांचे मिळून साडेसातशे, पंखा चौदाशेचा. प्लंबरचा खर्च वेगळा. ॲपवाल्याची नुसती मजुरी यापेक्षा कमी होती, तरी मी पुन्हा यांनाच बोलावेन.

दुकान दुपारी बंद असतं, सकाळी दहा-साडेदहाला गाठा. जाताना खिडकीचा, स्विचबोर्डाचा आणि दाराच्या खालच्या भागाचा फोटो न्या. गॅस गिझर बाथरूममध्येच असेल तर तेही आधी सांगा, म्हणजे त्यांची फेरी वाया जाणार नाही.