व्हॅलोरंट की काउंटर-स्ट्राइक २? घरात कॉम्प्युटर एकच असेल तर

दारव्ह्याकडच्या भाच्यानं विचारलं, "मामा, कोणता गेम टाकू?" घरात कॉम्प्युटर एकच. त्यावरच सातबारा, पीकविम्याचे फॉर्म अन् भाऊजींचं बँकेचं खातं.

दोन्ही ऑनलाइन बंदूकबाजीचे गेम, अन् पैशाचं म्हणाल तर दोन्ही फुकट. काउंटर-स्ट्राइकमध्ये प्राइम, म्हणजे पैसे देऊन मिळणारा वरचा दर्जा, हवा असेल तरच खिसा उघडा.

खरा फरक चीटर पकडायच्या पद्धतीत. व्हॅलोरंटचा चीटर पकडणारा प्रोग्राम, व्हॅनगार्ड, विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो आणि कॉम्प्युटर सुरू होताच जागा होतो, गेम उघडा की नका उघडू. म्हणजे जागल्या मचाणावर नाही, थेट माजघरात! तो बँकेचं खातं वाचतो असं मी म्हणत नाही. पण त्या जागेवरून काहीही वाचता येऊ शकतं. घड्याळाजवळच्या चिन्हावरून बंद होतो, मात्र पुन्हा खेळायचं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट. काउंटर-स्ट्राइकचा तसाच प्रोग्राम, व्हॅक, कर्नलमध्ये शिरत नाही, खेळ चालू असतानाच पाहतो. चीटर पोट्ट्यांच्या नावानं बोंब मात्र तिथंच जास्त.

जुन्या मशीनवाल्यांनो, विंडोज ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं.

रँकसाठी जीव टाकणारा, खेळायला वेगळं मशीन असलेला असेल तर व्हॅलोरंट. ज्याच्या डेस्कटॉपवर बापाचा सातबारा पडलाय, त्यानं काउंटर-स्ट्राइकच टाकावा. भाच्याला तेच सांगितलं.